शिंपीमास्तरांची बिनहाताची खुर्ची

मी बिनहाताची खुर्ची बोलतेय. हसू नका. शिंपीमास्तरांनी सुताराला बजावलंच होतं, "हात नकोत रे बाबा, काम करताना कोपर आपटतं." म्हणून चार पाय, उंच पाठ आणि वेताची बैठक, एवढ्यावर माझी बोळवण झाली.

दुकानातले ते दिवस! माझ्या पाठीवर टेप लोंबायचा, पायांशी चिंध्यांचा ढीग. मशीनवर मास्तर आणि काजं-बटणं करायला त्यांची बायको. तिला सगळे काकी म्हणायचे. काकींची धाकटी बहीण रस्त्यापलीकडे वरच्या मजल्यावर राहायची. दुपार झाली की काकी भराभरा जिने चढून तिच्याकडे चहाला. मास्तर कुरकुरायचे, "तुमच्या गप्पांत गिऱ्हाईकाचा शर्ट बिनबटणाचा राहतो बघ!"

दुकान बंद झालं, मी दुकानाला लागूनच असलेल्या घरी आले. एकदा काकी न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण धीर मोडला. मास्तरांनी त्यांना माझ्यावर बसवलं आणि उठू द्यायचं नाही असा जणू विडाच उचलला. "बस गं, पाणी मी आणतो. उठू नकोस." शिवाय मला दोन लाकडी हातही ठोकले. प्रेमापोटीच हो! पण त्या हातांवर भार टाकून उठता उठता काकींचे पाय काम विसरले. त्यांचं वजन घटत चाललं होतं, ते आधी मलाच कळलं.

"आता तुझा जिना काही माझ्याच्यानं चढवत नाही," एक दिवस खिडकीतून बहिणीला एवढं म्हणाल्या आणि पडदा ओढून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

मग दवाखान्यातून व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिचे हात काढा."

"आणि आमची ही पडली म्हणजे?" मास्तर उखडले.

काकीच म्हणाल्या, "अहो, काढा. माझ्या पायांत काय उरलंय ते मला कळू दे."

मास्तरांनी तोंड पाडून खिळे उपटले. पाय रोवायचे, पुढे झुकायचं, श्वास सोडत सावकाश उठायचं. मग माझ्यामागे उभं राहून टाचा उचलायच्या, एकेक हात संथ पसरायचा. काकींचं लक्षच लागेना. शेवटी मास्तर न राहवून बोलले, "अगं, रेशमाचं कापड आहे असं समज. पसर. सुरकुती नको. आता घडी घाल." आणि काकींचे हात असे फिरले की बाईही बघत राहिल्या. पुढे रोज सकाळी आमच्या घरात ते न दिसणारं रेशीम पसरलं जायचं.

आधी काकी माझी पाठ घट्ट आवळायच्या, नखं रुतायची. मग नुसता तळवा टेकायच्या. मग एकच बोट. आणि एका सकाळी तेही नाही. कुणी मला सोडल्याचा आनंद मला तेव्हा पहिल्यांदा झाला.

बहिणीचा जिना चढायचं ठरलं, तेव्हा मास्तरांनी मला मधल्या वळणावर नेऊन ठेवलं. काकी आल्या, माझ्या पाठीवर थाप मारली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दमला असाल, तुम्हीच बसा!" वरून दोघी बहिणींचं हसू ऐकू आलं. मास्तर माझ्यावर बसून डोळे पुसत होते.

काकी आता नाहीत. तापाचं निमित्त झालं. आजारी पडेपर्यंत दुपारचा चहा मात्र बहिणीकडेच. त्या गेल्यापासून मास्तर दिवसचे दिवस माझ्यावर बसून असतात. माझा वेत सैल झालाय, एक पाय लंगडतोय. आज मुलगा म्हणाला, "बाबा, हिला परत हात बसवून घेऊ."

मास्तरांनी खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं. "नको रे. तुझ्या आईनं काढायला लावलेत ते."

माझं मागणं एवढंच आहे. आपल्या माणसाला माझ्यावर खुशाल बसवा, पण "उठू नकोस" म्हणू नका.

पलीकडून मेहुणीची हाक आली, "दाजी, चहा टाकलाय, येताय ना?"

मास्तरांनी पाय रोवलेत. पुढे झुकलेत. थांबा, मला माझे पाय घट्ट धरू दे. मास्तर उठतायत.