बंद डब्ब्यातली धूळ

फटी बुजवायच्या सिलिकॉनची आणखी एक नळी रिकामी झाली, तरी धूळ यायची ती आलीच. नागसेनचं डोस्कं फिरलं.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यानं जुना पिकअप घेतला आणि मागे पत्र्याचा डब्बा बसवला. आत दोघांपुरता पलंग, पाण्याची टाकी. बायकोला, जयाला, पचमढी दाखवायचं लग्नापासून कबूल केलेलं, आणि निघायचं होतं उद्या. मागचं दार, टाकीचं झाकण, वायरीचं भोक, जिथे म्हणून उघडतं तिथे रबर लावून झालं. पण काटोल रोडवरून कच्च्या रस्त्याला एक चक्कर मारली, की चादरीवर बोटानं नाव लिहावं एवढा धुरळा. हात टेकले माणसानं.

हा गडी जन्मभर राखेशी भांडलेला. क्वार्टरमध्ये प्लांटची राख येते म्हणून खिडक्या कायमच्या लावून घेतलेल्या, फटींत चिंध्या कोंबलेल्या. डब्बा बनवणाऱ्यानं समोर, टपाजवळ, एक जाळीचा झरोका ठेवला होता. यानं पहिल्याच दिवशी तो सिलिकॉननं लिंपून टाकला. आता सांगा, अशाला कोण समजावणार?

दुपारी त्यानं जयाला आत निजून पाहायला लावलं, वर दारही लावलं. ती घामाघूम होऊन बाहेर आली. घरात गेली आणि भरलेल्या बॅगेतून लुगडी काढून परत कपाटात ठेवू लागली.

"काहून वं?" नागसेन दारातूनच खेकसला.

"मी नाई येत. सारा जनम खिडकी लावून झोपली. आता फिराले बी तसंच?"

झरोका उघडला तर अख्खा रस्ता आत येईल, असं तो तावातावानं सांगत राहिला. जयानं एवढंच विचारलं, की आता या घरात कूलर लावला की पलीकडची खिडकी काहून उघडी ठेवता, कोंडल्या खोलीत हवा चालते का कधी? त्याचा राग आणखी चढला. तरातरा जाऊन त्यानं पातं घेतलं आणि झरोक्यावरचं सिलिकॉन खरवडून काढलं. जयाला पुढे शेजारी बसवलं. तिची चूक तिलाच दाखवायची होती ना! त्याच कच्च्या रस्त्यावर गाडी मुद्दाम दामटली.

थांबून मागचं दार उघडलं. चादर स्वच्छ.

तो हात फिरवून पाहतच राहिला. झरोक्यातून हवा आत भरत होती आणि मागच्या फटींतून बाहेर पडत होती. मग गाडीच्या पाठीशी उडणारी धूळ शिरणार कुठून? इतके दिवस समोरून हवा न मिळाल्यानं कोंडलेला डब्बाच ती मागच्या फटींतून आत ओढत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

जया आत चढली आणि झरोक्याकडे तोंड करून आडवी झाली. वाऱ्यानं केस भुरभुरत होते. तिनं डोळे मिटले.

"क्वार्टरमधी बी एकदा उघडून पाहाची होती," ती म्हणाली.

"तिथं राख होती वं."

"होती ना. पण तुमी एकदा बी उघडून पाह्यली नाई."

नागसेनला स्वतःचाच संताप आला. मग तिला उठवावं लागू नये म्हणून गाडी न हलवता तिथेच दाराच्या पायरीवर बसला.