काठावर उभा राहिलेला नामा

मी एक जुना पडदा आहे, किन्हवलीच्या फोटो स्टुडिओतला. मुरबाडच्या चांगो पेंटरने जाड कॅनव्हासवर मला रंगवले. कमळांचे तळे त्याने कधी पाहिले नव्हते. पाहिला होता तो सिद्धगडाचा डोंगर. म्हणून माझ्या तळ्यामागे सिद्धगड उभा आहे, आणि भर दुपारी त्यावर पौर्णिमेचा चंद्र आहे.

मित्रांनो, माझ्यासमोर नवी जोडपी लाजत बसत. रडकी मुले कमळे मोजता मोजता गप्प होत. त्यांचे हसणे पाहून मला वाटे, आपण खरेच तळे आहोत.

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले. स्टुडिओत फक्त अर्जांचे फोटो उरले आणि त्यांना मागे पांढरा कपडा लागतो. मी गुंडाळून कोपऱ्यात पडलो.

गेल्या कार्तिकात भात कापून झाले आणि अवकाळी ढग भरून आले. मालक शेखरने मला अंगणात पसरले. भाताचे भारे रचून केलेल्या दोन उडव्या झाकायच्या, म्हणून माझे दोन तुकडे करायचे होते. तो कात्री घेऊन वाकला, तेवढ्यात वरच्या पाड्यावरचे म्हातारे नामा आणि भिमी दाखल्याच्या फोटोसाठी आले.

"या बाबा, वरूनच या. जुनाच हाय तो," शेखर म्हणाला.

नामा माझ्या काठाशी थांबला.

"चला की आवो!" भिमी म्हणाली.

"पानी हाय गो."

"डोलं गेलं का तुमचं? रंग हाय तो!"

"म्हाईत हाय मला. पन रंगवनाऱ्यानं एवढ्या मायेनं पानी काढलंय, त्याच्यावरनं चपला घालून जायाचं?"

नामाने चपला हातात घेतल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाऊल टाकले. भिमी पदर तोंडाला लावून हसली. मग तिनेही लुगडे जरा उचलले.

"खोल हाय का?"

"हात धर."

दोघे हळूहळू माझ्यातून पलीकडे गेले. कमळांवर त्यांनी पाय दिला नाही. मित्रांनो, इतकी वर्षे लोक माझ्यापुढे बसले. माझ्यात उतरले ते हे दोघेच.

वाकलेला शेखर सरळ उभा राहिला. मग त्याने कात्री खिशात घातली. फोटो काढून झाल्यावर त्याने मला अख्खेच मोठ्या उडवीवर अंथरायला घेतले. धाकट्या उडवीसाठी शेजाऱ्याकडून ताडपत्री मागून आणली होती.

"चित्र वर कशाला? रंग जाईल ना," त्याची बायको देवकी म्हणाली.

"पाणी कुणी पालथं घालतं काय गो?" शेखर म्हणाला.

देवकीने नवऱ्याकडे नीट पाहिले आणि माझे दुसरे टोक धरले.

मित्रांनो, खरे काय नि रंगवलेले काय, हे जरूर ओळखा. नामाही ओळखत होता. पण कुणी मायेने काढलेल्या पाण्याच्या काठी आलात, तर घटकाभर चपला हातात घ्या.