सदर इसम कपटी, भांडखोर व अडेलतट्टू

कोर्टात भांडणाला भांडण म्हणत नाहीत. पायरी चढली की त्याचा दावा होतो, सख्खा भाऊ प्रतिवादी होतो आणि शेजारी 'सदर इसम'. कोर्टाच्या व्हरांड्यात तीस वर्षं टाइपरायटर बडवणाऱ्या मास्तरांच्या ही भाषा इतकी अंगवळणी पडली होती की, बायकोशी बिनसलं तरी ते म्हणत, "दाव्यास कारण सकाळी आठ वाजता घडले."

एके दिवशी त्यांच्या टेबलाशी एक शिवणकाम करणारी बाई आली. ती वरच्या मजल्यावर राहायची, खाली धाकट्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि जिना त्या दुकानातूनच. टायरच्या वासावरून दोघांची जुंपली आणि भावाने जिन्याच्या दाराला कुलूप ठोकलं. महिनाभर ती दुखऱ्या गुडघ्यांनी मागच्या लोखंडी जिन्यावरून कापडाचे गठ्ठे नेत होती. ते दार उघडावं, एवढंच तिला हवं होतं. वकिलाने कच्चा मसुदा करून आणायला सांगितला होता.

मास्तरांनी बोटं मोडली, आपलं ठेवणीतलं वाक्य टाइप केलं आणि झोकात वाचून दाखवलं, "सदर प्रतिवादी हा कपटी, भांडखोर व अडेलतट्टू स्वभावाचा इसम असून, वादीस छळण्याच्या दुष्ट हेतूने त्याने..."

बाईचा चेहरा उतरला. "कपटी कुठाय हो तो? त्याच्या पोटात काही राहत नाही. काढा ते."

मास्तरांनी काढलं. मग 'भांडखोर' गेलं, कारण सुरुवात तिनेच केली होती. 'दुष्ट हेतू'ही गेला. रागाच्या भरात कुलूप लावून बसलाय, आता उघडायची लाज वाटत असेल, असं तिचं म्हणणं. 'अडेलतट्टू' मात्र तिने राहू दिलं. शेवटी प्रतिवादीच्या जागी 'माझा भाऊ' घालायला लावलं, तेव्हा मास्तर वैतागले. इतकं मिळमिळीत काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"बाई, हा दावा राहिला नाही. हे पत्र झालं."

ती बराच वेळ कागद वाचत राहिली. मग घडी घालून म्हणाली, "मग त्यालाच देते." आणि घरी जाऊन दुकानाच्या दाराच्या फटीतून तो आत सरकवला.

चौथ्या दिवशी तोच कागद घेऊन ग्रीसने काळ्या हातांचा एक माणूस आला. उत्तर लिहायचंय म्हणाला. मास्तरांना हुरूप आला. त्यांनी सवयीने सुरुवातही केली, 'सदर मजकूर खोटा असून कबूल नाही.'

"खोटं काय आहे त्यात?" तो म्हणाला. "सगळं कबूल आहे. अडेलतट्टूसुद्धा."

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हे बहिणीला तोंडाने सांगायला काय झालं, असं विचारलं.

"दोनदा वर गेलो. दारापर्यंत जाऊन परत आलो. जमत नाही." त्याने मान खाली घातली. "कुलूप परवाच काढलंय. पण ती अजून मागूनच चढते."

मास्तरांनी कागद उपसून काढला, नवा लावला आणि तो सांगेल तसं, एक अक्षर न बदलता टाइप केलं :

'ताई, दार परवापासून उघडं आहे. ढकलून तरी बघायचंस.'