हिरवा पडलेला पिरोजा

मित्रांनो, मी एक जुना बोलो टाय आहे. असं तोंड वाकडं करू नका, सांगतो. विणलेली चामड्याची दोरी, तिच्यावर वरखाली सरकणारा तांब्याचा चाप आणि चापात बसवलेला निळा पिरोजा. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात गळ्यात घालायची अधिकृत वस्तू म्हणजे बोलो टाय. पिरोजा तिथलं अधिकृत रत्न आणि तांबं अधिकृत धातू. एका गळ्यात तीन राज्यचिन्हं! थोडा ताठा असणारच ना?

तिथल्याच टूसॉन शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. तिथे नर्स असलेल्या लीनाने मला तिच्या बाबांसाठी, शिरीषरावांसाठी घेतलं. पुण्यात लग्नकार्यात लोक मला हातात घेऊन बघायचे. मग शिरीषराव आणि त्यांची बायको शोभाताई ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पॉइंट कुक भागात मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले, आणि करोनाने विमानंच बंद झाली.

दोन हजार वीसचा जुलै होता. बाहेर कडाक्याची थंडी आणि लॉकडाउन. रोज सकाळी अकराला लीनाचा व्हिडिओ कॉल यायचा, तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. शिरीषराव स्वेटरवर मला चढवून बसायचे. "बाबा, टाय घातलाय ना? मग मी निवांत," ती म्हणायची. तिचा वॉर्ड करोनाच्या पेशंटांनी भरलेला होता.

इकडे शोभाताईंनी धसकाच घेतला होता. दाराची मूठ, दुधाचा कॅन, केळी, सगळ्यांवर सॅनिटायझर. कॉल संपला की माझ्यावरही फुस्स! अहो, पिरोजा नाजूक दगड, त्याच्यात स्पिरिट मुरतं. महिन्याभरात माझा निळा रंग गेला आणि मी शेवाळी हिरवा झालो.

नेमका त्याच आठवड्यात लीनाचा मेसेज आला, "खूप काम आहे, नंतर बोलते." मग दोन दिवस काहीच नाही. फोन लागेना. मुलाने, यतिनने, तिच्या हॉस्पिटलला फोन केला. ती रजेवर आहे, एवढंच कळलं.

शिरीषराव मला खिडकीपाशी घेऊन गेले. "शोभा, पिरोजा हिरवा पडलाय गं. असा रंग उतरला की देणाऱ्यावर संकट असतं म्हणतात."

"काहीतरीच काय बोलता!" शोभाताई म्हणाल्या. मळ असेल म्हणून त्यांनी मला आणखी दोनदा फवारून घासलं. मी आणखी हिरवा!

"आजोबा, इट्स जस्ट अ रॉक," नात मिताली म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिरीषराव जेवले नाहीत. मला मुठीत धरून नुसते बसून राहिले. माझा जीव कासावीस झाला हो! तीन राज्यचिन्हं अंगावर, आणि या माणसाला "अहो, हे सॅनिटायझरमुळे झालंय" एवढं सांगता येईना.

चौथ्या दिवशी अकराला फोन वाजला. स्क्रीनवर लीना होती, केस विस्कटलेले, आवाज बसलेला. "मलाच झाला होता, बाबा. तुम्ही घाबराल म्हणून नाही सांगितलं. ताप उतरलाय आता."

शिरीषरावांना हुंदका आवरेना. "मला कळलं होतं. या दगडाने सांगितलं."

लीनाने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "हा हिरवा कसा झाला? आई, तू याला काय लावतेस?"

शोभाताईंनी हातातली सॅनिटायझरची बाटली पदराआड धरली. मग हळूच म्हणाल्या, "रोज सॅनिटायझर मारते."

"अगं आई!" लीनाला हसता हसता खोकला आला. "बाबा, दगडाला काही कळत नसतं."

"दगडाला नाही कळत," शिरीषराव डोळे पुसत म्हणाले, "पण तू तर कळवायचंस ना."

लीनाचं हसू थांबलं. "चुकलं बाबा," ती म्हणाली.

तिने नवा निळा टाय पाठवायचं कबूल केलं, पण शिरीषराव अजून मलाच घालतात. मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरड्या फडक्याने पुसा, एवढं पुरे. आणि आजारी पडलात तर घरी सांगा. नाहीतर घरची माणसं दगडाला विचारत बसतात.