दक्षिणेकडे तोंड केलेले दिवे

माझी बायको कमल जाऊन आठ महिने झाले, तेव्हा आमच्या सुबोधला तिचं तळं अंधारात असल्याचा शोध लागला.

तळं म्हणजे मागच्या बागेतला विटांचा हौद. कमलने स्वतः उभं राहून तो बांधून घेतला होता. गावातल्या लक्ष्मी ताल नावाच्या तलावावरून बादलीत कमळाचे कंद आणले, मग मासे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की ती कणकेच्या गोळ्या घेऊन काठावर बसायची आणि वाटीवर चमचा वाजवायची. मासे वर यायचे. मी त्या वेळी आत बातम्या बघत असे. आता वाटी मी वाजवतो. पहिले पंधरा दिवस मासे आले नाहीत. मग यायला लागले. माझ्या दिवसात तेवढंच काम उरलंय.

सुबोधने इलाइट चौराह्यावरून नीरज नावाचा डिझायनर आणला. त्याने मान वाकडी करून हौद बघितला. "अंकलजी, इसमें इमोशन की कमी है."

"मछली हैं," मी म्हणालो.

आठवड्यात पाण्याखाली सहा दिवे बसले, झाडांच्या बुंध्याशी पाच. पेरूला खालून निळा उजेड. झाड आजारी दिसू लागलं. तुळशीला हिरवा, जशी काही ती आधी हिरवी नव्हती. त्या संध्याकाळी मी वाटी वाजवली. एकही मासा आला नाही. सगळे दगडाच्या कपारीत. दुसऱ्या दिवशीही तेच.

"सवय होईल त्यांना, बाबा," सुबोध म्हणाला. "नाही झाली तर रंगीत आणू. ते उजेडात छान दिसतात."

"हे सगळं आईंसाठीच आहे," सूनबाई चारुता म्हणाली.

रविवारी उद्घाटन ठरलं. पाहुण्यांच्या यादीत मी एकच नाव घातलं. ओरछा गेटच्या जानकीकाकू.

"आईचं त्यांच्याशी पटायचं नाही," सुबोध म्हणाला.

"नाही. पण बोलवायची. मग आठ दिवस चिडायची."

नीरजने बटण दाबलं. टाळ्या झाल्या. लोक तळ्याकडे पाठ करून फोटो काढू लागले. काकू मात्र उठून दिवे मोजू लागल्या.

"भैया, सगळ्यांची तोंडं तिकडे का?"

"माताजी, बैठनेवालों की आँख में न पड़े, इसलिए."

"तिकडे दक्षिण आहे," काकू सुबोधकडे वळल्या. "दक्षिणेकडे तोंड करून दिवा यमाला लावतात. तोही वर्षातून एकदा, धनत्रयोदशीला. तुम्ही अकरा लावलेत, तेही रोज. आता कुणाला पाठवायचं ठरवलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमेल तितका म्हातारा चेहरा केला.

चारुताचा चेहरा उतरला. नीरजने घाईघाईने दिवे उत्तरेला वळवले. पाहुण्यांनी डोळ्यांपुढे नाश्त्याच्या बश्या धरल्या. "चौकीत बसवल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या. पूर्वेला वळवले तर उजेड शेजारच्या मेजरसाहेबांच्या स्वयंपाकघरात; ते गच्चीवर येऊन उभे राहिले. पश्चिमेला आमची संडासाची भिंत होती. ती फारच उठून दिसली.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं.

"श्रीकृष्णा, दिशा तुला ठाऊक होती ना?"

"होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर वय झालंय म्हणाले असते."

"आणि माझं?"

"तुमचंही झालंय. पण तुम्हाला घाबरतात."

सोमवारी दिवे निघाले. आता ते सुबोधच्या गाडीच्या शेडमध्ये आहेत. गाडीचं पोट निळं दिसतं. चारुताने मोबाइलवर दिशा बघून त्यांची तोंडं पूर्वेला करून घेतली आहेत.

मला स्वतःला दक्षिणेची भीती नाही. तिकडे आता माझं माणूस आहे.

बुधवारी वाटी वाजवली तेव्हा दोन मासे आले. बाकीचे अजून कपारीतच आहेत. बातम्या आत चालू असतात. मी बसून राहतो.