आधी घुसलं कोण?

“मग आधी घुसलं कोण, तेवढं सांगा ना!” अरविंदरावांनी तोंडाशी नेलेली पुरी ताटात परत ठेवली.

“हौ, घुसले. पण त्यांना कोपऱ्यात कोंडलं कोणी, ते बी सांगा की,” केशवराव म्हणाले. “तुमच्या चॅनलवाल्यांनी ते सांगितलं नसंल. कायकू सांगतील?”

आतल्या खोलीत हिरव्या साडीतली श्रुती फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती, बायका डोहाळ्यांचं गाणं म्हणत होत्या, आणि बाहेर तिचे वडील केशवराव आणि सासरे अरविंदराव रशिया-युक्रेनचं युद्ध लढत होते. तिची आई त्रिवेणी श्रीखंडाचं भांडं हातात घेऊन दोघांच्या मधोमध उभी होती. काय म्हणावं या माणसांना! तिकडचे सैनिकसुद्धा एव्हाना दमले असतील, पण इथं हैदराबादेत, नल्लकुंट्यात बसलेल्या या दोघांचा दारूगोळा काही संपत नव्हता.

“अहो, पुरे करा की आता,” ती नवऱ्याला म्हणाली. “लेकीचं डोहाळजेवण हाय आज.”

“मी कुठं काय बोलायलोय? व्याहीबुवाच बोलायलेत.”

केशवराव सिकंदराबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. निजामाच्या काळापासून घराणं इकडचंच. अरविंदराव पुण्याचे इंजिनियर, मुलाच्या, म्हणजे ओंकारच्या नोकरीमागे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिलेले. लग्नात दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली होती. पुढे कधीतरी चहा पिताना युद्धाचा विषय निघाला आणि तिथून सगळं फिसकटलं.

“एकाहत्तर साली आपल्या पाठीशी कोण उभं राहिलं होतं? विसरलात?” केशवरावांनी विचारलं.

“म्हणून आज दवाखान्यावर बॉम्ब पडला तरी आपण टाळ्या वाजवायच्या? तुम्ही बघता ते चॅनल म्हणजे नुसता भोंगा आहे, केशवराव. विकला गेलेला भोंगा.”

“आन् तुमचं लई निःपक्ष! पोरगा अमेरिकेच्या कंपनीत म्हणल्यावर गोऱ्यांचंच खरं वाटणार की.”

झालं! ओंकारनं मान खाली घातली. आतलं गाणं थांबलं. अरविंदराव उठले, भरल्या ताटावरून उठले, आणि शांतपणे हात धुऊन आले. त्या शांतपणाचीच त्रिवेणीला भीती वाटली.

“माणसं मारल्याचं समर्थन ज्या घरात होतं, त्या घरात माझ्या सुनेचं बाळंतपण होणार नाही,” ते म्हणाले. “ओंकार, तिची बॅग घे.”

बॅग सकाळीच आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून श्रुती आजपासून इथंच राहणार होती. अनुराधाबाई, म्हणजे विहीणबाई, नवऱ्याला दाराशी अडवायला गेल्या, पण ऐकतो कोण! श्रुती हिरव्या साडीत, गजऱ्यासकट, जिना उतरून गेली. शेजारणी ओट्या आवरून मुकाट्यानं निघून गेल्या आणि उरलेलं श्रीखंड कुणीच खाल्लं नाही.

त्रिवेणी सरकारी प्रसूतिगृहात नर्स होती. उभा जन्म लोकांची बाळं हातात घेण्यात गेला. दिवाळी असो, संक्रांत असो, ही आपली वॉर्डात. कितीतरी आया लेकींच्या उशाशी बसलेल्या तिनं पाहिल्या होत्या. ओल्या केसांवरून हात फिरवायच्या, डब्यातली पेज भरवायच्या. त्यांना “बाहेर बसा हो अम्मा” असं रागावताना तिला मनातून त्यांचा हेवा वाटायचा. एकदा तरी आपल्या लेकीचं आपण करायचं, एवढी एकच हौस तिनं बाळगली होती. त्यासाठी रजा साठवली होती. मागच्या खोलीत बाज टाकली होती. बेगम बाजारातून डिंक, खारीक, अळीव आणला होता. आपल्या जुन्या सुती साड्या धुऊन धुऊन मऊ केल्या होत्या आणि फाडून त्यांची दुपटी शिवली होती. आणि आता हे!

“फोन करा त्यांना,” ती रोज म्हणायची.

“मी कायकू करू? सुरुवात त्यानं केली.”

तिकडे अनुराधाबाई फोनवर कुजबुजायच्या, “हे म्हणतात, सुरुवात त्यांनी केली. मी तर थकले हो त्रिवेणीताई. जेवताना तेच, झोपताना तेच. कधी कधी वाटतं, दोघांनाही तिकडे सीमेवर नेऊन सोडावं.”

दोघी हसल्या, पण फोन ठेवायला कुणीच तयार होईना.

शेवटी त्रिवेणीनं स्वतः अरविंदरावांना फोन लावला.

“ताई, तुमच्याबद्दल मला आदरच आहे,” ते म्हणाले. “पण हल्ला तो हल्ला, एवढं केशवरावांनी मान्य करावं. मी आत्ता गाडी काढून सुनेला आणून सोडतो.”

तिनं फोन ठेवला आणि नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. “म्हणून टाका एकदा, रशियाची चूक हाय म्हणून. तुमच्या म्हणण्यानं रशियाचं काय वाकडं होणार हाय?”

“तत्त्वाचा सवाल हाय, त्रिवेणी.”

“आन् पोरीचा सवाल कोण बघणार?”

केशवरावांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला. तिला वाटलं, तो रिमोट हिसकावून गॅलरीतून खाली भिरकावून द्यावा. पण तिनं स्वयंपाकघरात जाऊन डिंक तळायला घेतला आणि इतका तळला की करपला.

श्रुती फोनवर म्हणाली, “आई, मीच येते गं रिक्षा करून. बघू कोण काय करतंय!”

“नको बाई. जन्म तिथं काढायचाय तुला,” त्रिवेणी म्हणाली. हे बोलताना तिची तिलाच चीड आली. जावई तरी काही बोलेल, म्हणून तिनं वाट पाहिली. पण त्याला म्हणे दोघांनाही दुखवायचं नव्हतं! असं करता करता नववा महिना लागला, श्रुतीच्या पायांवर सूज आली, आणि डॉक्टरनं सांगितलं की आता एवढ्या ट्रॅफिकमधून कुठं हलवायचं नाही. मागच्या खोलीतली बाज रिकामीच राहिली.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा त्रिवेणीनं दुपटी पिशवीत भरली.

“मी बी येतो,” केशवराव चप्पल शोधत म्हणाले.

“या. पण तोंड इथंच ठेवून या.”

कोंडापूरच्या त्या दवाखान्यात सगळं चकचकीत होतं. अरविंदराव खुर्चीवर बसले होते. केशवराव त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले. अनुराधाबाई औषधं आणायला गेल्या होत्या, ओंकार आत बायकोपाशी होता. त्रिवेणी आपल्या हातांकडे बघत दाराशी उभी राहिली. आतलं एकूण एक तिला ठाऊक होतं, पण इथं तिला आत घेणारं कुणी नव्हतं. आज तीच बाहेर बसायची अम्मा झाली होती.

संध्याकाळी दार उघडलं. “आडपिल्ला, अम्मा! मुलगी!” सिस्टर हसत म्हणाली आणि तिनं त्रिवेणीला आत ओढलं. श्रुती घामेजली होती, पण हसत होती. त्रिवेणीनं तिचे केस मागे सारले. इतक्या वर्षांच्या सराईत हातांनी नातीला आपल्या जुन्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलं.

“आई, आधी दोन्ही आजोबांना दाखव,” श्रुती म्हणाली. “बघितलं की विसरतील सगळं.”

त्रिवेणीलाही तसंच वाटलं. आयुष्यभर ती अशी बाळ घेऊन दारात यायची, आणि कॉरिडॉरमधली माणसं ताडकन उठायची. म्हातारे उठायचे, दारू पिऊन आलेले उठायचे, मुलगी झाली म्हणून हिरमुसलेलेसुद्धा एकदा तरी वाकून बघायचे.

तिनं खांद्यानं दार ढकललं. त्या चार खुर्च्या आता मध्ये राहिल्या नव्हत्या. केशवराव सरकून अरविंदरावांच्या शेजारी आले होते. दोघांची डोकी एका मोबाइलवर वाकलेली. तिचा जीव सुखावला. बोलायला लागले एकदाचे!

“हा नकाशा बघा. हे गाव आधी कोणाचं होतं?” अरविंदराव म्हणत होते.

“नकाशा काढला कोणी, ते बघा ना आधी!” केशवरावांचा आवाज चढला. “तुमचेच लोक काढणार, आन् तुम्हीच दाखवणार!”

“पण घुसलं कोण? एवढ्याचं उत्तर द्या!”

हाक मारायला त्रिवेणीनं तोंड उघडलं होतं, पण हाक मारून उठवायचं? यासाठीसुद्धा? बाळानं बारीकसा आवाज केला. दोघांपैकी एकानंही मान वळवली नाही.

ती उलट्या पावली आत गेली.

“बघितलं?” श्रुतीनं विचारलं. “काय म्हणाले?”

त्रिवेणीनं बाळाला तिच्या कुशीत ठेवलं. “झोप तू आता,” ती म्हणाली, आणि दुपट्याचं टोक बाळाच्या उघड्या पडलेल्या पावलांवर ओढलं.