चौकशीची खिडकी

इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीत बसून तिला एकोणीस वर्षं झाली होती आणि आता ते काम अगदी जिवावर आलं होतं. बरोबरचे लोक तिला 'पाटी' म्हणत. बसल्या जागेवरून खिडकीत फक्त हात आणि हातातले कागद दिसायचे. कागद बघून, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ती उत्तर देऊन मोकळी व्हायची. "दुसरा मजला, डावीकडे." "रक्त मागच्या बाजूला." वर बघायची गरजच पडत नसे.

रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती एकच मागायची, या खिडकीतून सोडव. थोरल्या बहिणीचा देवावर तेवढा भरवसा नव्हता. तिनं साहेबांच्या एका नातेवाइकामागे वर्षभर भुणभुण लावली आणि अखेर दगडाला पाझर फुटला. तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली. तिथं पंखा होता, आणि मुख्य म्हणजे माणसं नव्हती. आज चारपर्यंत बदलीच्या हुकमावर सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. जेवण झालं की शांतपणे करू, म्हणून तिनं कागद समोरच ठेवला होता.

अकराच्या सुमाराला खिडकीत एक सुरकुतलेला हात आला. हातात पिशवी, पिशवीतून बायकी चपला डोकावत होत्या.

"बायकांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर," ती म्हणाली.

अर्ध्या तासानं तीच पिशवी परत आली. "बाई, मला जरा..."

"औषधं शेजारच्या खिडकीत."

म्हातारा बिचारा त्याही रांगेत उभा राहिला आणि रांग संपल्यावर पुन्हा हिच्यासमोर आला. आता मात्र तिचं डोकं सणकलं. ती उठूनच उभी राहिली.

"आजोबा, तुम्हाला हवंय तरी काय?"

"मी कुठं बसू?"

तिनं पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सकाळी आमची ही गेली," ते म्हणाले. "कागद व्हायला पाच वाजतील म्हणाले. वर थांबू देत नाहीत. म्हटलं, बसायचं कुठं ते इथं विचारावं."

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. निदान तिला ऐकू तरी आलं नव्हतं. बाहेरचे बाक गच्च भरले होते. या माणसाला आपण उगाच तीन मजले चढायला लावलं, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बाजूचं दार उघडलं आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं.

मग दिवसभर ती उभी. जेवणसुद्धा राहिलं. पायांचे तुकडे पडायची वेळ आली. पण उभं राहिल्यावर खिडकीतून चेहरे दिसत होते, आणि चेहरा दिसला की आधीच उत्तर देता येत नव्हतं. एक्स-रेचा कागद घेऊन आलेल्या बाईला एक्स-रेची खोली ठाऊक होती. तिला फक्त विचारायचं होतं, दुखतं का हो?

तीनच्या पुढं तिला कळून चुकलं. देवानं कामाला बोलावलं होतं, ते इथंच, आणि तिलाच. आनंद-बिनंद काही झाला नाही. उलट देवाचा संतापच आला. इतकी धडधाकट माणसं सोडून त्याला हिचेच सुजलेले पाय सापडले होते.

चारला शिपाई आला. "झाली का सही?"

"नाही करत," ती म्हणाली, आणि बिनसहीचा हुकूम तिनं त्याच्या हातात दिला.

पाचला आजोबांना बोलावणं आलं. पिशवी छातीशी धरून ते "येतो" एवढंच म्हणाले आणि गेले. रिकाम्या खुर्चीत बसून तिनं बहिणीला फोन लावला.

"डोकं फिरलंय का तुझं?" बहीण कडाडली. "इतकी वर्षं देवाकडे मग मागत काय होतीस?"

"मीच मागत होते गं, ताई. त्याला काय हवंय ते कधी विचारलंच नाही. त्यालाही बोलू दिलं नाही मी."

मग बहीण म्हणाली, "येऊ का घरी? पाय चेपून देते."

"ये," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.